बॅटरीवरचं कुंकू

हॅलो?… हां योगे, बोल… नाय, घरी नाय. इथं पुंडलिकनगरातच, कोपऱ्यावरच्या लॅपटॉपवाल्याच्या दुकानात बसलेय. दाखवायला आणलाय… अगं ऐक तर. गेला. इंटरव्ह्यू गेला माझा.

व्हय, आज सकाळीच होता… तेच ते, वेरूळच्या लेण्यांचं, मराठीतनं माहिती रेकॉर्ड करायचं. घरबसल्या, कायमचं काम… लाईट गेली. आमच्याकडं शुक्रवारी जातेच, मला माहीत होतं ना. म्हणून तर बिनघोर होते. म्हटलं, माझी बॅटरी चार तास जायची, हल्ली लवकर उतरते, तरी एवढा इंटरव्ह्यू तर निघेल, कशाला घाबरायचं? मोबाईलचं नेट लावलं, नवी साडी नेसले, बसले… अन् कैलास लेण्याचं पहिलंच वाक्य झालं, स्क्रीन काळी! चाळीस टक्के दाखवत होती गं मेली!

लावला ना, मोबाईलवरनं लगेच फोन लावला. तर त्या बाई म्हणाल्या, पुढच्या उमेदवाराला घेतलंय. वर म्हणाल्या, घरून काम करायचं तर तेवढी सोय पाहिजे मॅडम. संपलं.

…नाय रडत. सर्दी झालीय. तू कशाला फोन केलास, ते सांग.

काय?… बॅटरी टिकायला काय करायचं? हे तुला आजच सुचलं व्हय! एवढी वर्षं मी बोंबलतेय, तेव्हा तर "ताई अन् तिची बॅटरी" म्हणून दात काढायचीस…

बरं, बरं, सांगते. दिवसभर चार्जर लावून ठेवायचा नाय… हो, हो, शंभर झाली तरी तशीच लटकत ठेवतेस ना, ते बंद कर. ऐंशीवर थांबायची सेटिंग असते, ती लाव. अन् पार बंद पडेस्तोवर वापरू नको. वीसवर आली की चार्जर लाव… अगं ऐक ना पुढं. आत्ता कुठं ठेवलाय?… गोधडीवर? उचल! आधी उचल! खालनं हवा लागत नाय, तापतो, अन् ताप म्हणजे बॅटरीचा जीवच जातो. पाटावर ठेव… देवाचा नको गं बाई, जेवायचा!

थांब. थांब थांब. काय म्हणालीस?… "पंचमीला चार तास चालायची, आता अडीचवर आली"?

योगे, तुझी कधी चार तास चालली गं?… नाय, हसण्यावारी नेऊ नको. दोघींनी एकाच दुकानातनं एकसारखे लॅपटॉप घेतले. तुझी बॅटरी तर वर्षातच झोपली. चार्जरची पिन निघाली की अर्ध्या तासात लॅपटॉप बंद. चार तास माझी चालायची.

एक मिनिट हं… काय भाऊ? उघडलं?… दाखवा बरं…

योगे. हॅलो? हां, दुकानवाल्या बुद्धभूषणभाऊंनी मागचं झाकण काढलंय. माझ्यासमोरच आहे. मागं दसऱ्याला पंखा साफ करायला असंच उघडलं होतं, आठवतं? सगळे पूजेला वरून टिळा लावतात, मी आत बॅटरीला कुंकवाचं बोट लावलं होतं. तू अन् आई दोघी बघत होतात. तू तर लई हसलीस…

ते कुंकू नाय इथं.

ही बॅटरी माझी नाय, योगे. कुणाची आहे?

खरं सांग.

…बदलली. कोणी?… आकाशनं? तुझ्या क्लासमधल्या? कधी?… पंचमीला? अगं, पंचमीला तर मी तिथंच होते! हर्सूलला, तुमच्यातच होते!… दुपारी झोपले होते तेव्हा. हां.

म्हणजे माझी चांगली काढून तुझ्यात, अन् तुझं मढं माझ्यात.

परीक्षा होती, मान्य. मागायचीस ना गं! अख्खा लॅपटॉप दिला असता. आजवर काय मागितलंस अन् नाय म्हणाले?… "तू ओरडली असतीस." हो, ओरडले असते! ओरडून दिला असता!… अन् मी येडी, तेव्हापासनं स्वतःलाच बोल लावतेय. लवकर उतरतेय, माझ्याच हातनं काय चुकलं म्हणून. रोज पुसतेय, पंख्याखाली ठेवतेय…

थांब. त्या दिवशी आईनंच झोपवलं मला. "लई दमलीस, माहेराला आलीस, पड जरा." चादरसुद्धा टाकली अंगावर…

योगे, आईला माहीत होतं?

…हो का नाय, एवढंच सांग.

…अन् काय म्हणाली?… नाय, तिच्या तोंडचं सांग, तुझं नको… "दीपमालाला काय, कसलीबी दिली तरी ती टिकवती."

असं म्हणाली… बरं.

म्हणजे जपून वापरलं हाच माझा गुन्हा. माझी सायकल तिनं अशीच दिली तुला, आरसा फुटू दिला नव्हता मी तिचा. तेव्हाबी हेच, दीपा करती, दीपा भागवती… नको, बॅटरी आणून देऊ नको. आता काय करू तिचं? इंटरव्ह्यू परत येतोय का?

…कुंकू? त्याचं काय?… पुसलं? कशाला?… मी कधी तुझा लॅपटॉप उघडला तर ओळखू येऊ नये म्हणून.

तू पुसलंस?… मग?

…आईनं?

पदरानं?… अगं भुईवर सांडलेलं कुंकूसुद्धा ती पायाखाली येऊ देत नाय…

नाय. तिच्याकडं फोन देऊ नको… नको म्हणते ना, योगे! मला नाय बोलायचं… काहीबी सांग. सांग तिला, दीपमाला झोपलीय.

ठेवते.