बुरुजातल्या बाईची गहाळ पाच मिनिटे

जबाब देणार : मीना रामप्रसाद खटके, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी (प्राथमिक शिक्षिका), राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना.

मी आज सोमवारी सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर झाले असून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, पती रामप्रसाद, सासरे पुंजाराम (वय ८६), दीर आणि जाऊ दैवशाला असे एकत्र राहतो. सासऱ्यांना मी मामा म्हणते. काल रविवारी पती आणि दीर कामानिमित्त अंबडला गेले होते. दैवशाला सकाळी नऊच्या एसटीने माहेरी गेली होती. घरी मी आणि मामा दोघेच होतो.

माझे आजेसासरे अण्णासाहेब निजामाच्या राज्यात फिरत्या सिनेमाच्या तंबूत बोलण्याचे काम करीत. त्या वेळच्या चित्रपटांना आवाज नव्हता. मधून मधून पडद्यावर पाटी येई, ती इंग्रजी आणि गुजराती. आपल्याकडच्या लोकांना ती वाचता येत नसे. म्हणून अण्णासाहेब पडद्याच्या बाजूला उभे राहून सगळ्यांचे बोलणे मराठीत बोलत. राजाचे, गवंड्याचे, बाईचे, भुताचे. 'बुरुजातली बाई' हा भुताचा चित्रपट त्यांनी सलग चार हंगाम बोलला. बुरूज टिकत नाही म्हणून गवंडी स्वतःच्या बायकोला त्यात जिवंत चिणतो आणि ती परत येते, अशी त्याची गोष्ट आहे. पुढे हा चित्रपट कुठेच राहिला नाही. मामांनी तो पाहिलेला नव्हता. वडिलांनी घरी बोलून दाखवला, तो त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे.

गावात हे कोणी खरे मानत नाही. मामा चहाच्या टपरीवर गेले की लोक, "पुंजाबाबा, लावा तुमचा पिक्चर," असे म्हणतात. अण्णासाहेब लबाड होते, असा चित्रपट निघालाच नव्हता, असेही म्हणतात. मामा उठतात. घरी येऊन हातपाय धुतात.

या वर्षी परदेशातल्या एका गोदामात या चित्रपटाची प्रत सापडली आणि ती दुरुस्त करून लोकांना घरी पाहता यावी म्हणून डिस्कवर काढली, असे मी मोबाईलवर वाचले. मी डिस्क मागवली. ती शनिवारी पोस्टाने आली. ती लावण्याचे यंत्र लग्नाचे शूटिंग करणारे काकासाहेब यांच्याकडून आणले. रविवारी जेवणे झाल्यावर मी डिस्कची डबी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हाच?" असे विचारले. मी हो म्हणाले. त्यांनी उठून टोपी घातली.

उजेड येऊ नये म्हणून मी खिडक्यांवर घोंगड्या लावल्या आणि दाराला आतून कडी घातली. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी चित्रपट सुरू केला. त्याला नव्याने जोडलेले संगीत मामांनी बंद करायला लावले.

मामा टीव्हीच्या बाजूला उभे राहिले. ते टीव्हीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. वडील प्रेक्षकांकडे पाहत, असे त्यांचे म्हणणे आहे. मी पाटीवरचे इंग्रजी वाचत होते. मामांचे बोलणे जुळत होते. शब्दाला शब्द नाही, पण माणूस तोच आणि वेळ तीच. राजाने तलवार टेकवली तेव्हा मामांनी जमिनीवर काठी टेकवली. मी "मामा, जुळतंय" असे किती वेळा म्हणाले ते सांगता येणार नाही. ते एकदा म्हणाले, "मधी बोलू नको, बाई. तिकीट काढून आलीस का न्हाई?"

३ वाजून २५ मिनिटांनी पडदा काळा झाला आणि पाटी आली, 'येथील पाच मिनिटांचा भाग मिळालेला नाही.' मी चित्रपट थांबवून मामांना तसे सांगितले. ते म्हणाले, "त्यांच्याकडून गेला असंल. माह्याकडून न्हाई गेला."

त्यांनी तो भाग बोलून दाखवला. मला तो लिहून घ्यायचा होता, म्हणून मी शाळेची वही घेतली आणि पुन्हा बोलायला सांगितले. वहीत सगळे येईना म्हणून तिसऱ्यांदा सांगितले. बाईचे ओरडणे मामा बाईच्याच आवाजात ओरडतात. हळू ओरडा असे मी त्यांना सांगितले नाही. मला ते सुचले नाही.

३ वाजून ५० मिनिटांनी दार जोरात वाजले. शेजारी राहणाऱ्या बेबीनंदा यांनी ओरडणे ऐकून ११२ वर फोन केला होता. हवालदार बद्रीनाथ जवळच महामार्गावर असल्याने लगेच आले होते. बेबीनंदा म्हणाल्या, "सायब, दैवशाला हाय आतमधी. जित्तं चिणू नका म्हणून वरडत व्हती. तीनदा वरडली. मंग गपच झाली."

आमच्याकडे मागच्या बाजूला न्हाणीघराचे बांधकाम चालू आहे. बद्रीनाथ यांनी त्याच्या नव्या भिंतीला हात लावला. सिमेंट ओले होते. कधी बांधली, असे त्यांनी विचारले. मी "आज सकाळी" असे सांगितले. दैवशाला कधीपासून दिसत नाही, असे विचारले. मी "आज सकाळपासून" असे सांगितले. तिला फोन लावला तो बंद होता. बद्रीनाथ यांनी टिकाव मागवला.

मामा म्हणाले, "पाडा. पण आधी पिक्चर हू द्या."

बद्रीनाथ यांनी आत येऊन टीव्ही पाहिला. "याच्यात तर काहीच न्हाई, बाबा. निस्तं काळं हाय."

मामा म्हणाले, "आता गवंडी यील. कंबरेला बायकोची वेणी बांधून यील. न्हाई आला तर भिंत पाडा, मला न्या, अन् माह्या बापाला खुशाल लबाड म्हणा."

मी सांगू इच्छिते की, त्यापुढचा चित्रपट तोपर्यंत आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नव्हता. मी चित्रपट पुढे सुरू केला. बटण दोनदा दाबावे लागले.

पाटी गेली. आधी रिकामा बुरूज दिसला. मग शिडीवरून एक माणूस उतरताना पाठमोरा दिसला. खाली उतरून तो वळला. त्याच्या कमरेला बाईची लांब वेणी बांधलेली होती. तिच्या टोकाला गोंडा तसाच होता.

बेबीनंदा म्हणाल्या, "अगं माय."

बद्रीनाथ यांनी मागे घ्यायला सांगितले. आम्ही ते तीन वेळा पाहिले. मामा अजूनही आमच्याकडेच तोंड करून उभे होते. त्यांनी मला विचारले, "आली का?" मी म्हणाले, "आली, मामा. गोंड्यासकट आली." तेव्हा ते पहिल्यांदा टीव्हीकडे वळले.

त्यानंतरच्या दोन पाट्या आल्या आणि गेल्या. मामा नुसते पाहत राहिले. बद्रीनाथ म्हणाले, "बाबा, बोला ना. काय म्हणून राह्यला तो?" मामांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि बोलायला लागले.

४ वाजून ५ मिनिटांनी दैवशालाचा फोन आला. फोनची बॅटरी उतरली होती, ती माहेरी सुखरूप आहे. बद्रीनाथ तिला म्हणाले, "बरं झालं ताई, नंतर बोला. आता बाई बुरुजातून निघून राह्यली." चित्रपट ४ वाजून ३५ मिनिटांनी संपला. पोलीस आल्याचे कळून तोपर्यंत खोलीत एकोणीस माणसे जमली होती. टपरीवरची सहा होती. संपल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पुंजाबाबा, परत लावा." मामांनी त्याला पुढे बसायला जागा दिली.

भिंत पाडलेली नाही. बेबीनंदा यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांनी जे ऐकले ते खरोखर ऐकले होते. डिस्कसोबतच्या पुस्तिकेत, गवंड्याच्या कमरेला वेणी कोठून आली याचा उलगडा होत नाही, असे छापलेले आहे. ते मी आज सकाळी वाचले. म्हणून मी मामांना घेऊन आले. गहाळ भागातील महत्त्वाचे बोलणे या जबाबात घ्यावे, म्हणजे त्याची शिक्क्यानिशी नक्कल मला चित्रपट दुरुस्त करणाऱ्यांना पाठवता येईल. ते बोलणे मामांनी आज माझ्यासमक्ष सांगितले ते असे :

बाई : मला जित्तं चिणू नका. हात तरी मोकळा ठिवा, धनी.
गवंडी : हात ठिवला तर तू मला धरशील.
बाई : मंग केस ठिवा. केसांना काय धरता येतं?
गवंडी : केस ठिवतो. (वेणी बाहेर ओढून कापतो. शेवटची वीट बसवतो.)
बाई, आतून : आता तुमी जाल तिथं मी यीन. तुमीच बांधून न्याल मला.

माझा जबाब हवालदार बद्रीनाथ यांनी मला वाचून दाखवला. वरील बोलणे त्यांनी खाली मान घालून वाचले तेव्हा बाकावर बसलेले मामा म्हणाले, "असं न्हाई, सायब. ती मरून राह्यली." ते बोलणे बद्रीनाथ यांनी उभे राहून पुन्हा वाचले. आवाज ऐकून रस्त्यावरची माणसे ठाण्यात धावत आली. मामांनी मान हलवून बरोबर असल्याचे सांगितले. मलाही ते मान्य आहे. सही करते.