बागेच्या फाईलीतलं सातवं पान

त्या दिवशी आमच्याकडं नळाला पाणी येण्याचा वार होता. मी दोन पिंपं भरली, दारात सडा टाकून मुग्गू काढला. आपल्यात त्याला रांगोळी म्हणतात, पण चाळीस वर्षं अंबरपेठेत राहून माझ्या तोंडात मुग्गूच बसलंय. चिंच भिजत घातली. चटणीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले आणि खिडकीतून बघते तर समोरच्या बागेत चार माणसं खड्डे खणत होती. शेजारी लोखंडी खांब पडले होते. शेंगदाणे करपले ते मला वासावरून कळलं.

थांबा. मी तर थेट स्वयंपाकघरातूनच सुरू केलं. भाषणाची रीत अशी नसते, हे खाली बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. तर आजच्या समारंभाचे अध्यक्ष उदयराव, पुण्याहून येऊन आपल्या मराठी मंडळात रमलेल्या प्रमुख पाहुण्या श्रुतीताई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, जामबागेपासून सिकंदराबादेपर्यंत कुठून कुठून आलेल्या बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण आज जमलो ते सत्कारमूर्ती शिवराजभाऊ, सगळ्यांना या त्रिवेणीचा नमस्कार.

शिवराजभाऊ एकतीस वर्षं महापालिकेच्या कचेरीत रेकॉर्ड रूममध्ये होते. परवा रिटायर झाले. माझ्या आधी बोलणाऱ्यांनी त्यांच्या सेवेविषयी पुष्कळ सांगितलं. मला तसं बोलता येत नाही. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचायला या मंडळाच्या वाचनालयानं शिकवलं आणि तेलुगू शिकले बसच्या पाट्यांवरून. मला फक्त एक फाईल माहीत आहे. आमच्या बागेची. ती बाग आज जागेवर आहे, ती यांच्यामुळं, एवढं आधीच सांगून टाकते.

खांब कशाचे, म्हणून मी विचारायला गेले. आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचे अध्यक्ष प्रकाश तिथंच उभे होते. म्हणाले, "काकू, फंक्शन हॉल होणार. तुमच्या नातवाचं बारसं इथंच करू."

मी म्हटलं, "बागेत हॉल? ही जागा कुणी दिली?"

ते हसले. म्हणाले, "हे तुम्ही विचारताय? तुमच्याच साहेबांनी दिली. सेक्रेटरी असताना लिहून दिलंय त्यांनी. घरात बोलले नाहीत का कधी?"

आमचे हे, हणमंतराव, नऊ वर्षं असोसिएशनचे सेक्रेटरी होते. सिकंदराबादला रेल्वेत नोकरी, संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन थेट बागेत. तिथली कडुनिंबाची रोपं त्यांनी बादलीनं पाणी घालून जगवली. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आता चार झाली. प्रकाशभाऊंचा तो शब्द मला अंगाला चिकटल्यासारखा झाला. बागेचं काय व्हायचं ते होवो, पण माणूस गेल्यावर त्याच्या नावावर कुणी काहीही खपवावं? मी ठरवलं, कागदच काढायचे. बागही वाचेल आणि यांचं नावही धुऊन निघेल.

माहितीच्या अधिकाराबद्दल मी वाचलेलं होतं. बसले आणि हिंदीत चार पानी अर्ज लिहिला. अठरा प्रश्न. महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं, की आपण मागितलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. मी तो कागद घेऊन तणतणत कचेरीत गेले. तिथं एका खिडकीपलीकडं एक गृहस्थ फोनवर मराठीत बोलत होते, "डबा आणलाय, हौ, भाकरीच आहे." मला इतका धीर आला की काय सांगू. तेच हे शिवराजभाऊ. बिदरकडचे.

मी तो कागद पुढं केला. ते म्हणाले, "अच्छा, तुम्हीच का त्या? ताई, तुमचा तीन नंबरचा प्रश्न वाचून सगळं ऑफिस हसलं."

तीन नंबरचा प्रश्न होता, बाग कुणाच्या बापाची आहे काय?

म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर कुठल्या फाईलीत नाही. ऑफिसला का म्हणून विचारायचं नाही. का, कशाला, लाज वाटत नाही का, हे सगळं नक्को. कागद मागा. कोणता नकाशा, कोणतं पत्र, कोणत्या सालचं. कागद असला तर द्यावाच लागतो."

"आणि कोणता कागद आहे हे मला कसं कळणार?"

"मग आधी फाईल बघायची मागा. बघायचाही हक्क आहे तुमचा. बसा की, पाणी प्या."

अध्यक्ष महाराज, खिडकीपलीकडच्या माणसानं बसा म्हणणं, याला आपल्या शहरात काय मोल आहे हे मी सांगायला हवं का? माझा दुसरा अर्ज तीन ओळींचा झाला.

फाईल बघायला बोलावलं त्या दिवशी दुपारी त्यांनी ती टेबलावर ठेवली. अकरा पानं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं आकडा. ही त्यांची सवय. रेकॉर्ड रूममध्ये आलेली प्रत्येक फाईल ते अशी मोजून आकडे घालून ठेवायचे. साहेब बदलले, कचेरी दोनदा हलली, कॉम्प्युटर आले, यांची लाल पेन्सिल चालूच. तिथले तरुण लोक थट्टा करायचे म्हणे, की शिवराज सार घरी भाकरीलाही नंबर घालतात.

पण फाईल उघडायच्या आधी त्यांनी तिच्यावर हात ठेवला. म्हणाले, "ताई, हणमंतराव तुमचे कोण?"

मी म्हटलं, "मालक."

ते म्हणाले, "सात नंबर सावकाश बघा."

पहिली सहा पानं नकाशा आणि जुनी पत्रं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, ही जागा उद्यानासाठी. माझा जीव फुलासारखा हलका झाला. मग सातवं पान. इंग्रजी आणि तेलुगू मजकूर, त्यातला तेलुगू मी अडखळत वाचला. बागेचा उत्तरेकडचा कोपरा हॉलसाठी द्यावा, सर्व रहिवाशांची संमती घेतली आहे. आणि खाली त्या सगळ्या पानावर मराठीतली एकच ओळ. त्यांची सही. ते मराठीतच सही करायचे, बँकेतले लोक वैतागायचे तरी.

सर्व रहिवाशांची संमती. मी त्याच कॉलनीत राहत होते. त्यांच्याच घरात. मला कुणी विचारलं नव्हतं.

नवव्या पानावर साहेबांचा शेरा होता, पान सातवरील विनंती अमान्य, उद्यानाची जागा अन्य कामास देता येत नाही. म्हणजे बाग वाचलेली होती. वर्षानुवर्षं त्या कपाटात वाचूनच पडली होती. पण त्यांनी असं का लिहून दिलं, कुणाच्या शब्दाखातर, की स्वतःच्याच मनानं, ते कुठल्याही पानावर नव्हतं. आणि ज्याला विचारायचं तो माणूस नव्हता. तुमच्यापैकी ज्यांचं कुणी गेलंय त्यांना ठाऊक असेल. रडणं सोपं असतं. भांडायचं राहून जातं, त्याचं काय करावं?

मी शिवराजभाऊंना म्हटलं, "भाऊ, तेवढं सातवं सोडून बाकीच्या नकला द्या."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, दया दाखवू, किंवा म्हणाला असता, नियमात बसत नाही. हे म्हणाले, "अर्ज तुमचा आहे, ताई. सात नंबर नको म्हणून लिहा, मी देत नाही. पण आठाचा सात मी करणार नाही. आकडा आहे तसाच राहील. मधलं कुठं गेलं म्हणून कुणी विचारलं तर तुम्ही काय ते सांगा."

मग म्हणाले, "घाई नाही. उद्या सांगा. आज नक्को."

फाईल समोर असताना कुणीतरी कर्मचारी बसून राहावं लागतं. त्यांची जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यांनी तिथंच डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि तोंड खिडकीकडं करून जेवत बसले, मला डोळे पुसायला सवड मिळावी म्हणून. एक शब्द समजुतीचा बोलले नाहीत. त्या दिवशी मला समजूत सोसली नसती.

मंडळी, प्रामाणिक माणूस खूप जणांनी पाहिला असेल. पण स्वतःचा प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या अंगावर न घालणारा मी एवढा एकच पाहिला. त्यांनी मला काय करावं ते सांगितलं नाही. फक्त कागद जागेवर ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं असेल, आणि ज्यांचे कागद त्यांनी सांभाळले त्यातल्या निम्म्यांना त्यांचं नावही माहीत नसेल. म्हणून मंडळानं मला इथं उभं केलं याचा मला आनंद आहे. शिवराजभाऊ, भरपूर जगा, निवांत जगा. लाल पेन्सिल घरी नेली असेल तर वहिनींनी सांभाळून घ्यावं.

उदयरावांनी पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते बघितलं नाही. एवढा वेळ ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. मान देताना कुणाचं नाव राहिलं असेल, प्रकाशभाऊंना माझं बोलणं लागलं असेल, मोठ्यांपुढं आवाज चढला असेल, तर अडाणी बाईचं बोलणं समजून पोटात घाला.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन अकराही पानांच्या नकला घेतल्या आणि असोसिएशनच्या दाराशी असलेल्या फळ्यावर लावल्या, सातवं पान सहा आणि आठाच्या मधे.