आतून आलेली ओ

आई गेल्यापासून बंद असलेल्या घराभोवतीचं गवत कापून मिळावं, म्हणून लेक नगरपालिकेच्या रांगेत उभी होती. पुढच्या अनोळखी काकू नेमक्या त्याच घरावरून कारकुनाशी भांडत होत्या.

“गवत कंबरेला लागलंय. साप निघतात!”

“माणसं पाठवली होती, काकू. परत आली.”

“का म्हणून?”

“नियमच आहे. कुलूप असलं तरी आधी कडी वाजवायची. आतून कुणी ओ दिली, तर गवताला हात लावायचा नाही.”

“अहो, रिकामं घर ते! ओ कोण देणार?”

“म्हातारीचा आवाज आला म्हणे. ‘आले रे बाबांनो, गुडघे धरलेत मेले.’”

“मग उघडलं?”

“छे! ‘किल्ली लेकीकडे आहे, ती आली की उघडेल’ म्हणाली.”

काकू पुटपुटत बाजूला झाल्या.

“बोला ताई, काय तक्रार?”

लेकीनं मुठीतली किल्ली घट्ट आवळली.

“रागावली होती का हो?”