फळ्यावरचं पाणी

अरे, लातूर जिल्हा नवा झाला ना, तेव्हाच्या दुष्काळातलं सांगते. चाकूरजवळच्या शाळेत मी मुख्याध्यापिका. गावाला शाळेची माहिती कळावी म्हणून बाहेर फळा लावायचा नियम होता. मी त्यावर लिहिलं, ‘पाण्याची सोय : नाही.’

तपासणीचे साहेब भडकले. "बाई, नव्या जिल्ह्याची इज्जत घालवता का?" ‘नाही’ पुसून त्यांनी स्वतःच ‘आहे’ लिहिलं.

पोरींनी ते वाचलं अन् ओरडत घरोघर पळाल्या. साहेब हजेरी बघेस्तोवर दारात बाया घागरी घेऊन हजर!

"बाई, पाणी कुठं हाय?"

"मला काय विचारता? अक्षर साहेबांचं हाय."

बायांनी साहेबांना बसवून घेतलं अन् त्यांची जीप टँकर आणायला पाठवली. संध्याकाळी टँकर आला, तेव्हा मी म्हटलं, "आता खुशाल जा, साहेब. तुमचं ‘आहे’ पुसत न्हाई मी."