अच्युतरावांचं बंद पडलेलं घड्याळ

श्रोतेहो, या जगात जे मोलाचं, तेच टिकतं. केवढं थोर वाक्य! आणि ते कोण सांगतं? घड्याळ विकणारा. मग टिकणं म्हणजे नेमकं काय? भिंतीला टेकलेले काका, डोळे खुशाल मिटा, कान तेवढे उघडे ठेवा.

पेणला अच्युतराव कारखानीस म्हणून गृहस्थ. लग्नात सासऱ्यांनी त्यांना स्विस घड्याळ दिलेलं. त्यात सेल नाही. मनगट हललं की आतली स्प्रिंग भरणार, काटे चालणार. पुढे सासरे गेले, सासूबाई गेल्या, ज्या दुकानातून घेतलं तिथे चायनीजची गाडी लागली — घड्याळ चालूच. चिरंजीव शिरीषनी तोवर प्लास्टिकची किती फेकली, देव जाणे.

एकदा अच्युतराव न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळाल. सूनबाई वॉकर घेऊन उभी.

"बाबा, अंगणापर्यंत तरी."

"हे जू घेऊन? मी बैल आहे?"

"बैल ऐकतो तरी."

झालं. अच्युतराव भिंतीकडे तोंड करून पडले. उठावंसं त्यांनाही वाटे, पण आता उठलो तर सून जिंकली. मंडळी, हाडाला प्लास्टर असतं, मानाला नसतं.

आणि एका सकाळी पाहतात तो मनगटावरचे काटे थांबलेले. शिरीष म्हणाला, "सेलचं आणून देतो. त्याला तुम्ही हललात काय, न हललात काय, सारखंच."

हे मात्र लागलं. खरंच आहे — सेलचं घड्याळ मढ्याच्या हातावरही चालतं. मोलाचं घड्याळ आधी विचारतं, बाबा रे, तू आहेस ना?

अच्युतराव उठून बसले. "सूनबाई, आण ते जू. घड्याळ बंद पडलंय, नाइलाज आहे."

"घड्याळासाठीच ना, बाबा?"

"मग काय तुझ्यासाठी?"

वॉकर उचल, टेक. उचल, टेक. आज अंगण, उद्या फाटक, मग तळ्याची पाळ. काटे चालू. सून मागे.

आता तुमचं सांगा. देवानं जीभ दिली; तुम्ही म्हणता, नाम म्हातारपणी घेऊ. न हलवलेलं यंत्र तेव्हा एका हाकेत चालेल? आणि घरात कुणाशी मानापायी अबोला धरलाय? आज बोला. निमित्त सापडत नसेल तर घड्याळाचं सांगा.

तसं ते घड्याळ पडल्या पडल्या चावी दिली तरी चालतं. अच्युतरावांना हे माहीत होतं.