गौरजा आज बरी आहे

आई नाही हो मॅडम, काकी मी. गौरजाची काकी. नाही, तुमचं कुठे चुकलं, सगळ्यांचंच होतं तसं, शाळेतून फोन आला की हल्ली मीच उचलते ना. आई तिची, आमच्या नम्रता वहिनी, कणकवलीला नोकरीला — सकाळच्या गाडीने जातात त्या दिवेलागणीला घरी. तिचे बाबा, मोठे भावोजी, त्याहून उशिरा. आणि सासूबाई बारशाला गेल्यात शेजारच्या वाडीत, म्हणजे आता घरात मी आणि ती. बसा ना. त्या झोपाळ्यावर नको, खुर्चीवर बसा — झोपाळा करकरतो, आणि त्या आवाजाने तिचं डोकं उठतं. कोकम आहे, साखर बेताचीच घातलीय. हो, आत निजलीय. उठवू? नको, मी म्हणते नको. तुम्ही मुद्दाम घरी आलात हे फार बरं केलंत, मॅडम. मतं सगळ्यांचीच आहेत, बघायला कुणी येत नाही.

मागणं तेवढंच आहे आमचं — अर्धा दिवस. मधल्या सुट्टीनंतर तिला घरी सोडा, आणि पीटीच्या तासाला सावलीत बसू द्या. तुम्ही वर्गशिक्षिका, तुम्ही डोळ्यांनी बघून सांगितलंत तर हेडसर ऐकतील, असं वहिनी म्हणतात. नाहीतर भावोजींनी ठरवलंय, नाव काढायचं आणि घरी बसवायचं. आणि एकदा घरी बसली की परत कोण पाठवतोय! तिला शाळा आवडते हो. हसताय? खरंच आवडते. ज्यांना आवडत नाही ती पोरं बघा कशी ठणठणीत असतात.

कोरोना? हो, झाला होता. म्हणजे मी ऐकलेलंच सांगते, माझं लग्न आत्ता मे महिन्यातलं. घरात सगळ्यांनाच झाला होता, आणि हिला सगळ्यांत कमी. ताप उतरला तशी घावणे मागून खाल्लेन, म्हणतात. मग सगळे उठले, कामाला लागले, मास्कांची पुसायची फडकी झाली — आणि ही तेवढी मागे राहिली. मागे म्हणजे कशी? आता कसं सांगू तुम्हाला. दात घासून येते आणि परत निजते. दात घासून माणूस दमतं का हो? दमतं. मी बघितलंय. उभी राहिली की छातीत धडधडतं, भिंतीला हात लावून उभी राहते, आणि आपण बघितलं की भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करते. पुस्तक घेऊन बसते आणि मला विचारते, “काकी, ही वळ मी वाचलंय काय गो?” एकदा नाही, त्याच ओळीला पुन्हा पुन्हा. बांगडे तळायला घेतले की नाकाला ओढणी — रबर जळल्यासारखा वास येतो म्हणते. मालवणात राहायचं आणि बांगड्याचा वास सोसायचा नाही! तिच्यासाठी मी डाळ वेगळी करते, तर सासूबाई म्हणतात, “चेडवाक काय्येक होवक नाय, लाड झाले जास्त.” मी बोलतच नाही ह्या घरात, विचारा कुणालाही. मुकी सून आणली म्हणतात. आज घरात कुणी नाही, म्हणून काय ते.

दाखवलं ना, कोल्हापूरपर्यंत नेऊन दाखवलं. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, हृदयाची तपासणी झाली, आणि सगळं नॉर्मल. डॉक्टर चांगले होते हं, खोटं बोलते असं नाही म्हणाले. म्हणाले, काही मुलांना राहतं असं कोरोनानंतर. दमायच्या आधी थांबवायचं तिला, दमल्यावर थांबवलंत तर उशीर झाला. आता हे ‘आधी’ नेमकं कुठे असतं ते कुणाला दिसतं? आणि बरी कधी होणार विचारलं, तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. घरी आल्यावर मात्र रिपोर्ट चांगले आले म्हणून सासूबाईंनी साखर वाटली. वहिनी आतल्या खोलीत जाऊन रडत होत्या, आणि लोकांना वाटलं आनंदाने.

मग देवळात गाऱ्हाणं घातलं. मानाचे गावकार उभे राहिले, नारळ ठेवला, आणि म्हणाले, “ह्या चेडवाक जी काय पीडा आसात ती दूर कर, रे महाराजा!” आम्ही सगळे हात जोडून, “होय महाराजा!” आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, देवा, पुढच्या वेळी काहीतरी सापडू दे रिपोर्टात. लहानसंच, पण नाव असलेलं. नाव सांगितलं की लोक गप्प बसतात. आणि तेवढ्यात सगळे ओरडले, होय महाराजा! माझ्या मागण्यालाही होय मिळून गेलं, फुकटात. तुम्ही कुणाला सांगू नका हं हे. वहिनींना तर मुळीच नको.

काय? कोण? कुठे —

अगो बाई. हो, तीच. निळा फ्रॉक, हो. मागच्या दाराने निघून पुढे अंगणात, खळ्यात गेली वाटतं. ती दुसरी, शेजारची तन्वी. लंगडी घालतायत. नाही, थांबा मॅडम, असं बघू नका माझ्याकडे. मी खोटं नाही बोलले. तिला सांगितलं होतं मी, गप निजान रव, मॅडम येतत — म्हणजे — झालं, बोलून गेले. हो, मीच सांगितलं. सकाळी उठली तीच हसत, म्हणाली, “काकी, आज माका बरा वाटता.” महिन्यातून असा एखादा दिवस येतो, आणि तो नेमका आजच यायचा होता! मी काय म्हणावं? म्हटलं, बाय माझे, आजचा दिवस नको बरी होऊ. असं म्हणतं का कुणी लहान मुलाला? पण तुम्ही आजचं बघून जाणार. उद्या, परवा ती उशीवरून डोकं उचलणार नाही, खिडकी लावून घ्या म्हणेल, तेव्हा तुम्ही शाळेत असणार, आणि हजेरीत तिचा नंबर आला की वर्ग हसणार.

हाक मारायला हवी. दमायच्या आधी, म्हणाले होते. मारते. फक्त ही एवढी फेरी होऊ दे.

कशी जाते बघा. मी तिला असं कधी बघितलंच नव्हतं हो. घरातले सांगायचे, आधी अशी पळायची, फणसावर चढायची, आणि मला वाटायचं वाढवून सांगतात, गेलेल्या माणसाचं सांगतात तसं. पण खरंच की. तन्वी सापडत नाहीय अजून. सापडली! ऐकलंत, कशी ओरडली? हा आवाज आहे तिला? मी काय करू सांगा, थांबवू? की खेळू देऊ? तुम्हीच सांगा ना, तुम्ही शिकवता मुलांना.

थांबली.

नाही, आउट नाही झाली. बसलीय, तुळशीच्या पायरीवर. डोकं खाली — नको, मॅडम, उठू नका. नका बघू तिकडे. माहीत आहे, तेच बघायला आला होतात तुम्ही, आणि एवढा वेळ मी तेच तर दाखवायला धडपडत होते. पण असं नको. कुणी बघितलेलं तिला आवडत नाही, आणि तुम्ही तर तिच्या मॅडम. मला तिच्याकडे जाऊ दे आता. तुम्ही मागच्या दाराने जा, चपला आणून देते मी. हेडसरांना काय सांगायचं ते सांगा. बरी आहे म्हणालात तरी चालेल. विहिरीकडून सरळ वाट आहे, पुढे कुंपणाची बेडी, बांबूचं फाटक, लागेल — ती तेवढी आठवणीने लावून घ्या, गुरं आत येतात.