आस्मानी लुगडं

भिवराबाई : हात ढिला सोडा, थोरल्या बाई. मूठ आवळली की बांगडी पिचती, अन् मग गावभर बोभाटा, भिवरा कासारणीचा माल कच्चा म्हणून.

सुभद्राबाई : मालाचं मागून बघू. ही दोन लुगडी बघ आदी. काय वाटतं?

भिवराबाई : एक पिवळं, एक आस्मानी. दोन्ही झ्याक. मालकांची नजर हाय.

सुभद्राबाई : नजर हाय म्हणूनच इचारते. बीडाहून गड्यासंगं गठुडं धाडलं. 'बेस्तरवारी जालन्याचा फोटूवाला येतोय, दोघींनी नेसावं.' एवढाच निरोप. कुणी कोणतं, त्याचा पत्ता न्हाई.

भिवराबाई : अगं बाय! फोटू? दोघींचा?

सुभद्राबाई : मालक मधी खुर्चीवर, दोन बाजूला आमी दोघी सवती. काच लावून बैठकीत टांगायचा. तहसीलदाराच्या बंगल्यात हाय, तसाच पाहिजे म्हणे.

भिवराबाई : म्हंजे आल्यागेल्याला दिसणार.

सुभद्राबाई : आल्यागेल्याला, अन् आपण गेल्यावर बी. मी चौदा वर्सं राबले या घरात. ती आली मागच्या मार्गेसरात. मी मेल्यावर भिंतीकडं बघून लोकांना कळाया पाहिजे, घरची मालकीण कोण हुती ते.

भिवराबाई : कळंल की. तुमी पिवळं नेसा.

सुभद्राबाई : पिवळं कावून?

भिवराबाई : मनगट. आमचं सगळं मनगटावर चालतं, बाई. आजवर हजार मनगटं धरली ह्या हातांनी. कातड्याखालची शीर हिरवट दिसली की ती बाई सोन्याची. तिला पिवळं, आंब्याचं, शेंदरी, असलं उन्हाचं कायबी खुलतं. शीर निळी दिसली की बाई चांदीची. तिला निळं, जांभळं, डाळिंबी. तुमी सोन्याच्या. हे बघा, दिसती का हिरवी शीर?

सुभद्राबाई : अन् ती?

भिवराबाई : धाकल्या बाईंचा हात मी अजून धरला न्हाई.

सुभद्राबाई : मुक्ते! हिकडं ये. ये म्हटलं की यावं. बस. दे हात भिवरेला.

मुक्ताबाई : आले, अक्का. पोळीचं पीठ लागलंय हाताला. पुसते.

भिवराबाई : या... बया, बया, बया.

सुभद्राबाई : काय झालं? चावली का काय?

भिवराबाई : चांदी हो, थोरल्या बाई! निव्वळ चांदी. निळीभोर शीर. गोरेपण दुधावानी, अन् वर केस हे कोळशासारखे, भुवया काळ्या, डोळे काळे. दूध अन् कोळसा शेजारी शेजारी. असलं अंग सालातून एखांदं हाताला लागतं. धाकल्या बाई, काजळ भरून घालत जा. घाबरू नका, तुमाला जड व्हायचं न्हाई. कुंकू डाळिंबी लावा, ते शेंदरी पुसून टाका, त्यानं तोंड आजारी दिसतंय. अन् हे आस्मानी लुगडं तर—

सुभद्राबाई : तर काय?

भिवराबाई : न्हाई, मी आपलं असंच.

सुभद्राबाई : बोल की. हिच्यासाठीच घेतलंय, असंच ना? दुकानात मालकांच्या डोळ्यापुढं हीच हुती, असंच ना?

भिवराबाई : मी कासारीण. मालकांच्या डोळ्यातलं मला काय ठावं!

सुभद्राबाई : मला ठावं हाय. चौदा वर्सात मला एकदा तरी आस्मानी आणलं का? इरकली आणली, हिरवं आणलं, पिवळ्याची तर थप्पी लागलीय पेटीत. निळं आजच सुचलं. ठरलं. आस्मानी मी नेसणार. पिवळं तिला.

भिवराबाई : थोरल्या बाई, पिवळ्यात ह्या कावीळ झाल्यावानी दिसतील.

सुभद्राबाई : दिसू दे.

मुक्ताबाई : अक्का, तुम्ही निळं घेऊ नका. तसबिरीत निळं—

सुभद्राबाई : घेऊ नको? अन् कुणी घ्यावं? तू?

मुक्ताबाई : तसं नाही म्हणत मी. बीडात माझ्या मावशीच्या लग्नात तसबीर काढली होती, तेव्हा—

सुभद्राबाई : तुझ्या बीडाचं कवतिक बीडात. तुझा बाप कचेरीत मुन्शी, तू बाळबोध वाचतीस, तुमच्यात तसबिरी निघतात. समदं ऐकून झालंय. ह्या घरातलं लुगडं कुणी नेसायचं, ते किल्ल्या जिच्या कमरेला तीच सांगती. हाय का कायी म्हणणं?

मुक्ताबाई : ...नाही. द्या पिवळं.

सुभद्राबाई : बघ भिवरे, कशी गरीब गायीवानी बोलती. मालकांपुढं बी अशीच. भर बांगड्या. मला आस्मानीच, लुगड्याला जोडीच्या.

भिवराबाई : मधी दोन हिरव्या असू द्या की. सवाष्णीचा हात हाय.

सुभद्राबाई : एक बी नको. समद्या आस्मानी. तिला शिल्लक असतील त्या भर. त्या बुट्टीतल्या तपकिरी.

भिवराबाई : धाकल्या बाई, हात ढिला सोडा. लई गार हाय हो तुमचा हात.

(सतरा दिवसांनी. तीच ओसरी.)

भिवराबाई : थोरल्या बाई, हाक आली अन् चौसाळ्याचा बाजार सोडून आले बघा. कुणाच्या बांगड्या पिचल्या?

सुभद्राबाई : माझ्या.

भिवराबाई : डझनच्या डझन?

सुभद्राबाई : मीच फोडल्या. तोंड वासू नको. त्या देवळीत फोटू पालथा ठेवलाय. उताणा कर.

भिवराबाई : आणला का त्यानी? किती जड काच ही... मालक ओळखू येतात. मिशा झ्याक आल्यात. ह्या धाकल्या बाई... अगं बाय. हे काळं लुगडं कवा नेसल्या ह्या?

सुभद्राबाई : ते पिवळंच हाय.

भिवराबाई : हे? पिवळं?

सुभद्राबाई : पिवळं. मी माझ्या हातानं तिच्या निऱ्या बसवल्या. येताना समद्यांपुढं कावीळ झाल्यावानी दिसत हुती. गडीमाणसं बी कुजबुजली, 'धाकल्या आजारी हायत का?' मी मनात म्हणत हुते, पावला देव. अन् कागदावर हे असं! काळ्या लुगड्यातून तोंड वर आलंय, जसं काळ्या वाटीत दूध. त्या तपकिरी बांगड्या बी कशा उठून दिसतात बघ. मोजून घे.

भिवराबाई : अन् तुमी... तुमी ह्या बाजूला...

सुभद्राबाई : बोल की. त्या दिशी तर लई बोलत हुतीस.

भिवराबाई : तुमचं लुगडं पांढरं आलंय.

सुभद्राबाई : फटफटीत. अन् बांगड्या?

भिवराबाई : दिसंनात.

सुभद्राबाई : आस्मानी लुगडं पांढरं झालं, अन् आस्मानी बांगड्या मांडीवरच्या पांढऱ्यात मिळून गेल्या. पांढरं लुगडं, मोकळे हात, कपाळावर कुंकू हाय का माशी बसलीय, ते कळंना. अन् मालक शेजारी जित्तेजागते, मिशीला पीळ देऊन. काल कचेरीतला शिपाई परवाना घेऊन आला हुता. भिंतीवर बघितलं अन् मालकांना इचारतो, 'ह्या आपल्या इधवा बहीण का?'

भिवराबाई : मुडदा बशिवला त्याचा!

सुभद्राबाई : त्याचा कावून? त्यानं दिसलं ते इचारलं.

भिवराबाई : मालक काय बोलले?

सुभद्राबाई : कायी न्हाई. उठले, फोटू उतरवला, पालथा ठेवला. जेवले बी न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. मुक्ते! बाहीर ये. दाराआड उभी ऱ्हाऊन किती ऐकशील?

मुक्ताबाई : आले, अक्का.

सुभद्राबाई : भिवरेच्या देखत सांग. पिवळ्याचं काळं अन् निळ्याचं पांढरं होतं, हे तुला ठावं हुतं का न्हाई?

मुक्ताबाई : ठाऊक होतं.

भिवराबाई : अगं बाय.

मुक्ताबाई : मावशीच्या लग्नात असंच झालं होतं. नवरी पिवळ्या साडीत, तसबिरीत ती साडी काळी आली. मावशी वर्षभर रडत होती. तसबीरवाल्याच्या पेटीतल्या काचेला पिवळा अन् तांबडा रंग दिसतच नाही म्हणे, म्हणून तो काळा येतो. निळं म्हणजे तिला उजेडच वाटतो.

सुभद्राबाई : मग सांगितलं कावून न्हाई?

मुक्ताबाई : सांगत होते. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तुम्हीच मिटवलंत.

सुभद्राबाई : बेस्तरवारपातूर तीन दिस हुते. तिसऱ्यांदा सांगता येत न्हवतं?

मुक्ताबाई : येत होतं.

सुभद्राबाई : मग?

मुक्ताबाई : दुसऱ्या दिवशी मालक बीडाहून परतले, तेव्हा सांगायचंच म्हणून मी स्वयंपाकघरात आले होते. तुम्ही मालकांच्या ताटात दोनदा तूप वाढलंत, अन् मला म्हणालात, 'तू नको वाढू, तुझ्या हाताची चव न्हाई त्यांना.' मग म्हटलं, राहू द्यावं.

भिवराबाई : तुपावरनं एवढं?

मुक्ताबाई : नुसतं तुपावरून नाही, भिवराबाई. ह्यांना वाटतं, माझ्याजवळ सगळं आहे. रात्री जेवण झाल्यावर मालक कुणाला हाक मारतात? 'सुभद्रे, बैल पाजले का? सुभद्रे, नेकनूरचा माणूस आला होता का?' मला आठ महिन्यांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मला नुसतं बघतात. बैठकीत नवं घड्याळ आणलं, त्याला बघतात तसं.

भिवराबाई : थोरल्या बाई, पाणी प्या जरा.

सुभद्राबाई : नको. ती चिठ्ठी हाय ना, फोटूसंगं फोटूवाल्यानं धाडलेली? वाचून दाव भिवरेला.

मुक्ताबाई : लिहितो की, तसबीर काचेसकट परत धाडावी, तो आतला कागद काढून त्यावर कुंचल्यानं रंग भरून देईल. कोणत्या ठिकाणी कोणता रंग ते लिहून कळवावं. जिथं पांढरं आहे तिथं हवा तो रंग चढेल. काळ्या लुगड्यावर काहीच चढणार नाही, बारीक ठिपका मात्र दाट रंगानं झाकता येईल.

भिवराबाई : मग झालं की! थोरल्या बाई, आता तुमाला हवा तो रंग घ्या.

सुभद्राबाई : रंग मी घेणार, अन् लिहिणार ही. ही काय लिहिती ते मला कुठं वाचता येतं?

मुक्ताबाई : गावातल्या पंडित जोशांकडून वाचून घ्या.

सुभद्राबाई : गावाला दावायचं बाकी हाय तेवढं! घे बोरू. भिवरे, तूच सांग. खरं सांग. मला काय शोभतं?

भिवराबाई : त्या दिशी बी खरंच सांगितलं हुतं, बाई. पिवळं.

सुभद्राबाई : लिही. आंब्याचा रंग. पाडाच्या आंब्याचा, कच्च्या न्हाई.

मुक्ताबाई : लिहिलं.

सुभद्राबाई : बांगड्या हिरव्या.

मुक्ताबाई : हिरव्या.

सुभद्राबाई : अन् तिकडच्या बाईचं तोंड... त्याला कायी रंग देता येतो का? पिवळट?

भिवराबाई : थोरल्या बाई!

मुक्ताबाई : लिहू का, अक्का? सांगा. तुम्ही म्हणाल ते लिहिते.

सुभद्राबाई : नको. ऱ्हाऊ दे तसंच. लिवलंस तेवढं वाच.

मुक्ताबाई : 'मालकांच्या उजव्या बाजूस थोरल्या बाईसाहेब आहेत. त्यांचं लुगडं पाडाच्या आंब्याच्या रंगाचं करावं. हातात हिरव्या बांगड्या ठळक काढाव्या. कपाळाचं कुंकू काळं आलं आहे, ते तांबडं व मोठं भरावं. डाव्या बाजूच्या बाईंना हात लावू नये.'

सुभद्राबाई : कुंकवाचं मी बोलले न्हवते.

मुक्ताबाई : नाही. ते मी लिहिलं.

सुभद्राबाई : अन् मोठं?

मुक्ताबाई : ते पण.

भिवराबाई : आणा थोरल्या बाई हात. मोकळा बघवंना मला. हिरव्या भरते.

सुभद्राबाई : भर. अन् हिच्या त्या तपकिरी काढ. काय म्हणाली हुतीस तू, जांभळ्या का डाळिंबी?

भिवराबाई : डाळिंबी.

सुभद्राबाई : त्या भर. पण मुक्ते, ते आस्मानी लुगडं मी तुला देणार न्हाई, सांगून ठेवते.

मुक्ताबाई : मी कुठं मागितलं?

सुभद्राबाई : मागू बी नको. ...पेटीत अगदी वर हाय ते. कुलूप लावायचं ऱ्हायलंय.